कादंबऱ्यांना मार्क कसे देता? आणि पुढची कशी निवडता?

कोरी_वही:
मंडळी, हे बरेच दिवस विचारायचं होतं. भाचीचं इंजिनिअरिंग संपलंय, नोकरी लागेपर्यंत रिकामी आहे, तिने विचारलं मामा मराठीतल्या दहा कादंबऱ्या सांग. म्हटलं सोप्पंय, आपल्याकडे वहीच आहे. कॉलेजपासून मी वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची नोंद ठेवतो आणि दहापैकी मार्क देतो. वही काढली, आठ आणि आठच्या वरच्या सगळ्या एका कागदावर उतरवल्या आणि ती यादी बघून मीच गार पडलो. मृत्युंजय आठ, बनगरवाडी आठ, सात सक्कं त्रेचाळीस पण आठ. आता हे तीन आठ एकच आहेत का सांगा.

मृत्युंजय (१९६७) मी परीक्षा तोंडावर असताना रात्ररात्र जागून वाचली होती, कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, एकाचं संपलं की दुसऱ्याचं काय म्हणणं आहे ते कळल्याशिवाय झोप येत नाही. भाषा अशी की प्रत्येक सूर्योदयाला दोन उपमा लागतात, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तो आठ ओढीचा आहे. बनगरवाडी (१९५५) दीडशे पानांचीसुद्धा नाही. मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा परत सुरू करतो, तालीम बांधून घेतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते, एवढंच. एक शब्द काढायला गेलात तर सापडत नाही. तो आठ वेगळा. आणि नगरकरांची सात सक्कं (१९७४) तर मला निम्म्यापर्यंत समजतच नव्हतं की हा नायक कुशंक कोणाशी बोलतोय आणि आत्ता आहोत कुठल्या वर्षात, तरी ठेववेना. तो आठ बहुतेक हिमतीला दिलाय, लेखकाच्या म्हणा किंवा माझ्या.

म्हणून आता तीन रकाने केलेत. ओढ, भाषा, उरलं. पहिले दोन पुस्तक संपलं त्याच दिवशी भरायचे, दुसऱ्या कोणाचंही मत वाचायच्या आधी (हे फार महत्त्वाचं, एकदा का कोणाचं परीक्षण वाचलं की आपला आकडा त्या बाजूला सरकतोच). तिसरा रकाना तेव्हा कोरा सोडायचा. दिवाळीत अंक आले की मी असाही दोन दिवस कुठे जात नाही, तेव्हा वही घेऊन बसायचं आणि पुस्तक न उघडता आठवून बघायचं की काय शिल्लक आहे. माणसांची नावं आठवली, एखादा प्रसंग जसाच्या तसा आठवला, एखादी माणसामाणसातली गोष्ट आठवली की मार्क चढतात. नुसतं 'छान होती' आठवलं तर दोन.

याच्यात गंमत काय होते तर रकाने एकमेकांशी जमतच नाहीत. बेडेकरांच्या रणांगणला (१९३९) ओढ सहा होती, उरलंमध्ये दहा आहेत. बोटीवरचे थोडेसे दिवस, चक्रधर आणि हॅर्टा, युद्ध अजून लागायचंय आणि सगळ्या बोटीला माहितीय की लागणार. वाचताना वाटलं हा माणूस किती तुटक लिहितोय, आता मला त्या बोटीचा डेकसुद्धा दिसतो. उलट एक भलीमोठी ऐतिहासिक, नाव घेत नाही उगाच भांडणं नकोत, ओढ नऊ आणि उरलं दोन, त्यातल्या घोड्याचं नाव तेवढं आठवतंय.

तिन्हींची बेरीज करायची नाही, हा एक नियम मी कडक पाळतो. सरासरी काढली की परत आठ, आठ, आठ.

आणि हे मार्क पुस्तकाला द्यायचेच नाहीयेत मुळात, लेखकाला माझ्या सहाने काय फरक पडतो. ते मला पुढचं पुस्तक निवडायला हवेत. म्हणजे रात्रीच्या गाडीने नागपूरला जायचंय तर ओढीचा रकाना बघून त्याच लेखकाचं दुसरं घ्यायचं. सुट्टी आहे, घर शांत आहे, तर 'उरलं' मधल्या वरच्या लेखकाचं न वाचलेलं काढायचं. सोडून दिलेल्या पुस्तकांना मार्कच नाहीत, फक्त पान नंबर आणि का सोडलं त्याची एक ओळ.

तर तुम्ही कसं करता? मार्क देता का? एकच आकडा की जास्त? आणि दुकानात किंवा वाचनालयात उभं असताना नक्की काय बघून पुस्तक उचलता? 'मनाला वाटेल ते' असं उत्तर नको, ते सगळेच करतात.

तिखटमीठ:
घोड्याचं नाव सांगा म्हणजे कादंबरी ओळखतो 😄
बाकी माझी पद्धत सोपी आहे, बायको आधी वाचते. तिने तीन दिवसात संपवलं तर मी घेतो, तिने उशीजवळ महिनाभर ठेवलं तर तेही घेतो. मधलं काही वाचत नाही.

देवघेव_खिडकी:
मी तालुक्याच्या गावी वाचनालयात आहे, ब वर्ग, देवघेव बघते. आमच्याकडे मार्क कोणी देत नाही पण पुस्तकावर निकाल लागलेला असतोच, तो वाचता यायला पाहिजे.

पहिलं म्हणजे मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. आता नोंद कॉम्प्युटरवर असते पण जुन्या पुस्तकांवर चिठ्ठ्या अजून आहेत आणि मी त्या काढू दिलेल्या नाहीत. त्यात नुसते किती शिक्के आहेत ते नका बघू. शिक्के कसे पडलेत ते बघा. काही कादंबऱ्यांवर पहिल्या वर्षात पंधरा पंधरा दिवसांनी शिक्का आणि मग एकदम काही नाही, चिठ्ठीचा खालचा भाग कोरा करकरीत. त्या वर्षी बक्षीस मिळालेलं असतं नाहीतर सिरियल आलेली असते. आणि काहींवर वर्षाला तीन, चार, तीन, दोन, चार असं चालूच आहे, चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून जाड झालीय. गारंबीचा बापू तसं आहे. शितू तसं आहे. फकिरा तर बांधणी दोनदा करून झाली. नवीन सभासद काय देऊ विचारतात तेव्हा मी त्या जाड चिठ्ठीवाल्यातलं देते, अजून तरी कोणी भांडायला आलं नाही.

दुसरं, सभासदांच्या खुणा. नियमाने पुस्तकावर लिहायला बंदी आहे पण आमच्या ज्येष्ठ सभासद बायका ठराविक पान नंबरला बारीकसा गोल करतात, हिची खूण एकवीसवर, तिची खूण पस्तीसवर, कारण बांधणी केलेली सगळी पुस्तकं बाहेरून सारखी दिसतात आणि आपण हे वाचलंय की नाही ते घरी जाऊन कळतं. आता एका काकूंचा एकवीसवर नुसता गोल असतो आणि एखाद्यावर गोलात टिंब असतं. मी विचारलं टिंब कशाला. म्हणाल्या ते परत न्यायचं. झालं की तुमचं रेटिंग. दोनच मार्क, गोल आणि टिंब. मी हल्ली नवीन खरेदीची यादी करताना त्या टिंबांचे लेखक आधी धरते.

तिसरं सांगते ते निवडण्याबद्दल. बांधणी केली की कव्हर जातं, मलपृष्ठावरचा मजकूर जातो, कोणी कौतुक केलंय ते जातं. कपाटात काय उरतं तर पाठीवर नाव आणि दाखल नंबर. त्यामुळे आमच्याकडचा वाचक उभ्याउभ्या पहिलं पान वाचतो आणि मग मधलं एक. मला तर वाटतं दुकानात पण तसंच करावं, मलपृष्ठ शेवटी वाचावं.

आणि हो, तो तुंबाड सिनेमा आला २०१८ ला तेव्हा आठवडाभर पोरं पेंडशांचं तुंबाडचे खोत मागायला येत होती. मी आधीच सांगायचे बाळा यात ना सिनेमातला तो हस्तर राक्षस आहे ना सोन्याच्या मोहरा, दोन खंड आहेत आणि खोतांच्या पिढ्या आहेत. बहुतेकांनी बघून ठेवून दिलं. एका मुलाने नेलं आणि दोन्ही खंड संपवून आला, आता त्याला पेंडशांचं सगळं हवंय. म्हणजे चुकीच्या कारणाने निवडलेलं पुस्तक पण लागू पडतं, ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसवणार?

शेवाळ:
मला हे सगळंच शाळामास्तरी वाटतं, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ओढ सहा भाषा सात म्हणजे काय? सहाच्या जागी साडेसहा का नाही? कोसला मी पहिल्यांदा साठेक पानांत आपटली होती, हा पांडुरंग सांगवीकर नुसता कुरकुर करतोय म्हणून. नोकरीला लागल्यावर होस्टेलवरच्या एका मित्राने परत हातात दिली तर त्याची बहीण मनी मरते तिथे मला पुस्तक मिटून बाहेर जाऊन यावं लागलं. आता कोणता आकडा लिहू? पहिला की दुसरा? का सरासरी? कादंबरी म्हणजे काय गॅसची शेगडी आहे का, तीन बर्नर, पाच वर्ष वॉरंटी.

माझी निवडण्याची पद्धत म्हणाल तर ज्या माणसांचं वाचन मला माहितीय अशी दोनतीन माणसं आहेत, त्यातला एक तर असा आहे की त्याला जे आवडत नाही ते मला हमखास आवडतं. त्याच्याइतका भरवशाचा समीक्षक मला दुसरा मिळालेला नाही.

कोरी_वही:
@शेवाळ राग कसला, मजा आली. पण तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच माझ्या वहीत दोन ओळी आहेत. एक ओळ 'सोडली, पान ६०, कुरकुर' आणि दुसरी ओळ नवीन तारखेने. जुनी खोडायची नाही. आणि तुमच्या त्या उलट्या मित्राबद्दल, तुम्ही डोक्यात त्याच्या मतांचा हिशोब ठेवलाच आहे ना इतकी वर्षं? फक्त आकडा त्याच्या नावावर टाकलाय.

@देवघेव_खिडकी ताई, गोल आणि टिंब! मी तीन रकाने घेऊन बसलोय आणि काकूंनी एका टिंबात संपवलं. चुकीच्या कारणाने निवडलेल्यांचा रकाना नाहीये पण 'हे हातात कसं आलं' अशी एक ओळ मी लिहायला लागतो आजपासून.

आकडेमोड:
विषय आवडीचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

ऑनलाइन तारे बघून मराठी कादंबरी निवडू नका, किमान नुसती सरासरी बघून नको. गुडरीड्स या वाचकांच्या साइटवर दोन ताऱ्यांचा अर्थ 'ठीक होतं' आणि तीनचा 'आवडलं' असा तिथेच दिलेला आहे, पण आपल्याकडे ते कोण वाचतो, आपल्याला आवडलं म्हणजे पाच आणि नाही आवडलं म्हणजे एक. अर्धा तारा देता येत नाही. त्यात मराठीची अडचण अशी की मतं मुळातच कमी. नवीन कादंबरी येते, पहिले सहा लोक मत देतात, त्यातले चार लेखकाच्या ओळखीचे, सहाही जण पाच तारे देतात, सरासरी पाच. शेजारी एक जुनी कादंबरी आहे, चारशे लोकांनी मत दिलंय, सरासरी ४.२. यादी लावली की नवीन वर.

याच्यावर सोपा उपाय आहे, मी स्वतः करतो. प्रत्येक पुस्तकाला आपल्या मनाने वीस मतं आधीच पडलेली आहेत असं धरायचं, आणि ती सगळी ३.८ ची, म्हणजे साधारण पुस्तकाला जेवढे पडतात तेवढी. आता नवीन कादंबरी, सहा पाचे तीस अधिक वीस गुणिले ३.८ म्हणजे ७६, एकूण १०६, भागिले २६, आले ४.०८. जुनी, चारशे गुणिले ४.२ म्हणजे १६८० अधिक ७६, भागिले ४२०, आले ४.१८. जुनी वर गेली. नवीन कादंबरी खरंच चांगली असेल तर मतं वाढतील तशी ती आपोआप वर सरकेल, अन्याय काही होत नाही. आयएमडीबीची ती अडीचशे सिनेमांची यादी याच जातीच्या हिशोबाने लागते.

पण याने सुद्धा एक गोष्ट सुटत नाही. पुस्तक आवडणारे लोकच ते पूर्ण करतात आणि पूर्ण करणारेच तारे देतात. लोकप्रिय ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांची सरासरी बघा, सगळ्या चारच्या बऱ्याच वर. ज्याला पौराणिक नको तो त्या वाटेलाच जात नाही, मग एक तारा देणार कोण? उलट श्याम मनोहरांची कळ घ्या, एखादा नाव ऐकून घेतो, त्याला वाटतं गोष्ट असेल, गोष्ट सापडत नाही, तो येऊन एक तारा देतो. म्हणून मी सरासरी बघतच नाही, तारे कसे विभागलेत ते बघतो. सगळे चारवर गोळा झाले असतील तर पुस्तक बहुतेक सुरळीत आहे. बरेचसे पाच, बरेचसे एक आणि मधे खड्डा, असं दिसलं की मी घेतो. तिथे काहीतरी झालेलं आहे.

आवृत्त्यांचं पण तसंच. पूर्वी हजाराची आवृत्ती असायची म्हणून पाचवी आवृत्ती म्हटलं की काहीतरी अंदाज यायचा. आता तीनशे पाचशेची काढतात, त्यामुळे 'महिन्याभरात तिसरी आवृत्ती' वाचून हुरळू नका, किती प्रतींची ते विचारा, सहसा उत्तर मिळत नाही.

@कोरी_वही, तुमची वही टाईप केलेली आहे का? ओढ आणि उरलं यांचा संबंध बघायला मला फार आवडेल.

निवांत_आजोबा:
वय वर्षे बहात्तर. अमेरिकेत सिअ‍ॅटलला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाई आहेत त्यांचा एक नियम माझ्या मुलाने मला सांगितला आणि तेव्हापासून माझं आयुष्य सुखाचं झालं. पन्नास पानं वाचायची, नाही पटलं तर सोडायचं. पन्नाशी उलटलेल्यांनी शंभरातून आपलं वय वजा करायचं आणि तेवढीच पानं वाचायची. म्हणजे माझ्या वाट्याला अठ्ठावीस आली. दर वाढदिवसाला एक पान कमी होतं, ही एकच गोष्ट आहे जी वयाबरोबर माझ्या बाजूने चालली आहे.

तरी मी हा नियम जाड कादंबऱ्यांना जसाच्या तसा लावत नाही. पठाऱ्यांची ताम्रपट किंवा नेमाड्यांची हिंदू अठ्ठावीस पानात अजून दाराशीच असते. त्यांना मी वयाची सवलत देतो, पुस्तकाच्या वयाची नव्हे, वजनाची. आणि बनगरवाडीसारखं पुस्तक अठ्ठावीस पानात पाव झालेलं असतं, तिथे निर्णय लवकर.

मार्क मी देत नाही. आमच्या वेळी सत्यकथा मासिक यायचं, मौजेची छपाई म्हटली की मागे श्री. पु. भागवत आहेत हे ठाऊक असायचं, त्यांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक डोळे मिटून घ्यायचो. म्हणजे निवड आम्ही संपादकावर सोडली होती. आता पुस्तकावर संपादकाचं नावसुद्धा नसतं बऱ्याचदा. तुम्ही पोरं तारे मोजता त्याचं कारण तेच असावं.

काळी_माती:
@कोरी_वही भाऊ, तुमच्या 'भाषा' या रकान्यावर माझी हरकत आहे, नीट ऐकून घ्या.

मी मराठवाड्यातला. बोराड्यांची पाचोळा (१९७१) माझ्या आईला मी वाचून दाखवली, शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सगळी कादंबरी आहे, तिच्याच बोलीत. आई मधेमधे त्या बाईला उत्तरं देत होती, असं कसं बोलली गं, तसं नव्हतं बोलायचं. तीच कादंबरी माझ्या पुण्यातल्या रूममेटने दहा पानात ठेवली, म्हणाला भाषा जड आहे. तो तुमच्यासारखी वही ठेवत असता तर भाषा चार लिहिले असते. आता ते चार कोणाचे? वाचताना आपल्याला दम लागला तर तो दम पुस्तकाच्या खात्यातून वजा का करायचा?

पण याचा अर्थ बोलीत लिहिलं की झालं असंही मी म्हणत नाही. उलट बोलीच्या नावाखाली जे खपवतात त्याला मी तुमच्यापेक्षा कडक आहे. माझी एक कसोटी आहे, बघा पटते का. कादंबरीतला बोलीत बोलणारा माणूस काय काय करतो ते बघायचं. नुसता रडतो, नुसता शहाणपणाच्या दोन गोष्टी सांगतो किंवा नुसता हसं करून घेतो तर लेखकाने बोली बाहेरून आणलीय. माणूस त्याच बोलीत सोसायटीच्या कर्जाचा हिशोब करतो का, कोर्टाची तारीख सांगतो का, खोटं बोलतो का, बायकोशी धड भांडतो का? सदानंद देशमुखांच्या बारोमासमध्ये (२००२, साहित्य अकादमी मिळालं २००४ ला) शिकलेला पोरगा आणि घरचे यांच्यात जी वादावादी होते त्यात बियाणं, खत, सावकार, नोकरीसाठी द्यायचे पैसे सगळं येतं आणि ते वऱ्हाडीतच येतं, कुठे अडत नाही. ती बोली कामाची आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी 'व्हय जी' आणि 'न्हाई बा' शिंपडलेलं असतं, वाक्य आतून सदाशिव पेठेचंच.

म्हणून मी निवडताना मधलं पान उघडतो आणि पैशाबद्दल कोणी बोलतंय का ते शोधतो. कादंबरीत पैशाचा आकडा सापडला की मी घेतो. किती एकर, किती हप्ता, किती पगार. ज्या कादंबरीत चारशे पानांत कोणाला काही विकत घ्यावं लागत नाही ती मला खरी वाटत नाही, मग ती खेड्यातली असो की मुंबईतली. अरुण साधूंची मुंबई दिनांक त्या बाबतीत एकदम पास.

राइनकाठ:
@काळी_माती दादा, पैशाच्या आकड्याची कसोटी चोरतेय.

मी जर्मनीत असते. इथे निवड वजनावर होते, खरंखुरं वजन. बॅग तेवीस किलो, त्यात आईचं पीठ, मसाला, पापड, उरतात तीनचार किलो. तुंबाडचे खोत घेतलं की बाकी काही नाही. रणांगण, बनगरवाडी, कोबाल्ट ब्लू अशी एका चपलेच्या जागेत बसतात. त्यामुळे माझ्या कपाटात मराठीतल्या बारीक कादंबऱ्यांचा फार सुंदर संग्रह झालाय, ठरवून नाही. जाड असेल तर ईबुक बघते, नसेल तर पुढच्या वर्षी.

बुकगंगा या पुस्तकांच्या साइटवर पुस्तकाची थोडी पानं वाचायला मिळतात त्यावर मी ठरवते. माझी पद्धत अशी की घरातल्या घरात दोन माणसं बोलतायत अशी जागा शोधायची. 'तो म्हणाला ती म्हणाली' हाताने झाकून वाचायचं. कोण बोलतंय ते कळलं तर घ्यायचं. नाही कळलं, दोघं एकाच आवाजात बोलतायत असं वाटलं, तर पुस्तक विचारांचं आहे, माणसांचं नाही, आणि मग विचार तेवढे भारी लागतात. नंदा खऱ्यांच्या 'उद्या' कादंबरीला मी त्या परीक्षेत नापास केलं असतं पण तिथे विचारच इतके अंगावर येतात की चाललं. (त्यांनी त्यासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार नाकारला होता, ते वाचूनच मी खरं तर शोधायला गेले. पुरस्कार मिळाल्याने पुस्तक घेतलं असं माझं क्वचित होतं, नाकारल्याने घेतलेलं हे एकच.)

मार्क देत नाही. पण दरवर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कपाटाला काही पुस्तकं देऊन टाकावी लागतात, जागा नाही म्हणून. काय द्यायचं आणि काय ठेवायचं तिथे सगळा निकाल लागतो.

तिखटमीठ:
बायकोला हा धागा दाखवला. ती म्हणाली माझे मार्क वेगळे आहेत. पुस्तक वाचताना दूध उतू गेलं की पाच.

शेवाळ:
@काळी_माती हे मात्र मानलं. हिशोब करणारी बोली. माझ्या आवडत्या कादंबऱ्या डोळ्यापुढून काढल्या तर सगळ्यांत कोणीतरी पैसे मोजतंय. भाऊ पाध्यांच्यात तर फारच. पांडुरंग सांगवीकर पण खानावळीचं बिल आणि बापाचे पैसे यातून सुटत नाही.

कोरी_वही:
@काळी_माती हरकत मान्य, 'भाषा' हा रकाना असा नको. त्याच्या जागी दोन प्रश्न लिहितो, मला किती वेळ लागला आणि भाषा काय काय काम करते. पहिल्याचे मार्क नाहीत, नुसती नोंद. दुसऱ्याचे आहेत.

@निवांत_आजोबा तुमचा अठ्ठावीसचा हिशोब वाचून माझ्या सोडलेल्या पुस्तकांचे पान नंबर परत बघितले. बहुतेक ऐंशी ते शंभरच्या मधे सोडलीत. म्हणजे तीस पानातच कळलं होतं आणि पुढची पानं मी 'पैसे दिलेत' म्हणून वाचली. वाचनालयातून आणलेली बरोबर लवकर सुटलीत.

@आकडेमोड वही टाईप केलेली नाही, अक्षर भयंकर आहे. पहिल्या काही पानांचं टाईप करून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. बेरीज केलीत तर बघा.

आकडेमोड:
मिळालं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे आधीच सांगतो. पण तुमच्या ओढ नऊ-दहा असलेल्यांत 'उरलं' कुठेही असतं, दोनपासून नऊपर्यंत, काहीच सांगता येत नाही. ओढ पाच ते सातमधल्या ज्या तुम्ही पूर्ण केल्यात त्यांचं उरलं मात्र सगळं वर आहे. मला वाटतं याचं कारण साधं आहे, ओढ कमी आणि दम नाही अशी पुस्तकं तुम्ही सोडून देता, ती यादीत येतच नाहीत. त्यामुळे सोडलेल्यांची यादी पण हवी, तिच्याशिवाय हा तक्ता लंगडा.

आणि एक विचारायचं होतं. रणांगण दोनदा आहे, दोन वेगळ्या तारखा, मार्क पण वेगळे. कोणते धरू?

कोरी_वही:
दोन्ही धरा. सोडलेल्यांची यादी रविवारी पाठवतो, ती मोठी आहे.

देवघेव_खिडकी:
ती यादी इथेच टाका हो सगळ्यांसाठी. आमच्याकडे पुढच्या महिन्यात खरेदी आहे.